टँकरची वही कुणाकडे असते?

सोसायटीच्या टाकीत किती पाणी उरलंय ते मोबाइलवर दाखवणारा सेन्सर मी आणि माझ्या मित्राने मिळून बनवला. विकायला निघण्याआधी निदान तीस जणांशी बोलायचं ठरलं होतं. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत उन्हाळ्यात टँकर दिसणं रोजचंच. त्यामुळे माणसं सहज भेटतील असं वाटलं.

पहिले दहा जण नात्यातले आणि कॉलेजमधले. सगळे म्हणाले, "भारी आहे." घरच्या पोराला नाही कोण म्हणणार? त्यांच्या नोंदींची पानं मी बाजूला ठेवली.

मग अनोळखी सोसायट्यांच्या गेटवर जाऊ लागलो. वॉचमन इंटरकॉमवर सांगायचा, "कोणीतरी काहीतरी विकायला आलेत," आणि विषय तिथेच संपायचा. म्हणून मी पहिलं वाक्य बदललं: "विकायचं काही नाही, तुमच्याकडे पाणी कसं येतं ते समजून घ्यायचंय, वीस मिनिटं द्या." आणि ते पाळलं. सेन्सर बॅगेतून एकदाही बाहेर काढला नाही. सेक्रेटरी स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करतात, ते रात्री आठनंतरच सापडतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर जाऊच नये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा हिशेब आणि नोटिसांतून त्यांना मान वर करायला वेळ नसतो. मी एप्रिल-मे धरला.

तरी खरी वाट सापडली ती वाघबीळच्या एका गेटवर. सेक्रेटरींची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात टँकर आला. वॉचमनकाका वर चढले, झाकण उघडून आत बघितलं, मग खाली येऊन वहीत वेळ आणि गाडीचा नंबर लिहिला. मी विचारलं, रोज असंच करता?

"दहा हजार लिटरचा म्हणून पैसे घेतात. बघितल्याशिवाय मी सही करत नाही. पण रात्री दोनला आला तर अंधारात काय दिसणार?"

दोन महिने मी ज्यांना गाठायला धडपडत होतो त्यांच्यापैकी कोणीही हे बोललं नव्हतं. टाकीत पाणी किती, हे त्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. टँकरमधून उतरलं किती, हे कोणालाच नाही.

काकांनी त्यांच्या प्लंबरचा नंबर दिला. तो कावेसर भागातल्या चार सोसायट्यांचे पंप बघतो. त्याचं नाव सांगितलं की गेट उघडायचं. तेव्हापासून प्रत्येकाला उठताना विचारू लागलो, "अजून कुणाशी बोलू?" आणि 'घ्याल का?' हा प्रश्न पूर्ण सोडला. त्याऐवजी मागचा टँकर कधी मागवला, फोन कुणी केला, बिल कुणी तपासलं, एवढंच. एका खजिनदार काकूंनी तर कपाटातून वर्षभराची बिलं काढून टेबलावर मांडली आणि वॉचमनच्या वहीशी एकेक जुळवून दाखवली. तीन बिलांची वहीत नोंदच नव्हती.

आतापर्यंत चौतीस जण झाले, त्यात अकरा वॉचमन आणि प्लंबर. वाघबीळच्या कमिटीने येत्या शनिवारी रात्री एक ते चार गेटवर बसायची परवानगी दिली आहे. वही आणि टॉर्च घेऊन जाणार आहे. सेन्सर घरीच राहील.