तुम्ही विचारलंत म्हणून : नूतनीकरण झालेले घर भाड्याने घेताना

शहरातल्या चलतीच्या भागात, नुकतेच नूतनीकरण झालेले, एका बेडरूमचे घर भाड्याने मिळते आहे, ते घ्यावे का, असे मला ओळखीतले कुणी ना कुणी सतत विचारत असते. जरूर घ्यावे, पण नवे काय केले आहे हे घरमालक आपणहून दाखवतोच, म्हणून जुने काय तसेच राहिले आहे याची चौकशी आपण करावी, असे माझे मत आहे.

हे मत मला एका घराने शिकवले. भिंती पांढऱ्याशुभ्र, ओटा नवा, न्हाणीघरात छतापर्यंत टाइल्स. पाहताक्षणी मी होकार दिला. पहिल्याच पावसाळ्यात पलंगाच्या उशाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर रंगाला फुगवटा आला आणि नखाने टोकरताच पोपडा सुटून आतून पांढरी भुकटी गळू लागली. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडून वाळते तेव्हा विटा-गिलाव्यातले क्षार पृष्ठभागावर उरतात, ती ही भुकटी. बाहेरून जाणारा पावसाच्या पाण्याचा पाइप फुटला होता आणि ओल्या भिंतीवरच रंग चढवला गेला होता. मालकांनी दोनदा पुन्हा रंग दिला, दोन्ही वेळा तो सुटला. शेवटी पाइप बदलून भिंत पुरती वाळू दिली, तेव्हा कुठे ओल थांबली. तेव्हापासून घर पाहायला गेलो की मी कपाटामागची, खिडकीखालची आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत तळहाताने चाचपून पाहतो. एकाच भिंतीवर रंग अधिक ताजा दिसला, तर त्याचे कारण नि:संकोच विचारावे.

पाण्याचेही तसेच आहे. नळ नवे आणि भिंतीतले पाइप जुने, हा प्रकार सर्रास आढळतो. जुन्या लोखंडी पाइपावरचा जस्ताचा थर झिजला की तो आतून गंजतो, गंजाचे थर साचून त्याची पोकळी अरुंद होते आणि चकचकीत नळालाही धार बारीक येते. म्हणून स्वयंपाकघरातला नळ आणि शॉवर एकाच वेळी सोडून पाहावे, त्यातच फ्लशही करावा, आणि सिंकखालचे कपाट उघडून सांध्यांवर बोट फिरवावे. बराच काळ बंद असलेल्या न्हाणीघरात दुर्गंधी आली तर मात्र लगेच घाबरू नये. जाळीखालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागातले, पाणी सुकले की सांडपाण्याच्या पाइपातली हवा थेट वर येते. बादलीभर पाणी ओतून, थोड्या वेळाने पुन्हा वास घ्यावा. तरीही दुर्गंधी राहिली तर दोष खोलवर आहे.

विजेबाबत मी फक्त दोन गोष्टी विचारतो : वायरिंग बदलले आहे का, आणि आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखणारा सुरक्षा-स्विच, बसवला आहे का. घरगुती वापरासाठी तो सहसा 30 मिलीअँपिअरचा असतो आणि वीज गळू लागताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण मालकांनाच दाबायला सांगावे. पुरवठा तुटला नाही, तर आरसीसीबी बदलल्याशिवाय राहायला जाऊ नये.

राहिला परिसर. ज्या कॅफेंमुळे आणि रात्रीच्या वर्दळीमुळे हा भाग हवाहवासा वाटतो, ती सारी वर्दळ एका बेडरूमच्या घरात थेट उशाशी येते, कारण दार लावून निजायला दुसरी खोलीच नसते. त्यातही संगीतातला खालच्या पट्टीचा घुमारा बंद खिडकीतूनही आत शिरतो. दुपारी घर दाखवणाऱ्याला दोष देता येत नाही, पण अनामत रक्कम देण्यापूर्वी आठवड्याच्या शेवटच्या रात्री, अकराच्या पुढे, पुन्हा एकदा जाण्याची परवानगी अवश्य मागावी, आणि खिडक्या लावून, दिवा मालवून, बेडरूममध्ये दहा मिनिटे काही न बोलता बसून राहावे.