वायंडिंगचं दुकान आणि जुन्या आगगाड्या : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या बोर्डावर अजूनही "सर्व प्रकारच्या मोटारी व पंप भरून मिळतील" एवढंच लिहिलेलं आहे. बोर्ड बाबांच्या वेळचा, पेंट उडालाय, पण काढायची हिंमत होत नाही आणि गरजही नाही कारण मोटारी अजून भरतोच. फक्त आत आलं की डाव्या हाताला जळालेल्या सबमर्सिबल पडलेल्या आणि उजव्या हाताला काचेच्या कपाटात इंग्लंड, जर्मनी, इटली, जपानच्या मॉडेल आगगाड्यांची इंजिनं, एकेक वीतभर. नवीन गिऱ्हाईक मोटार खाली टेकवतं अन् पहिले विचारतं, "भाऊ, हे पोट्ट्याइचे खेळणे हायेत का?" मी किंमत सांगतो, मग तो हात मागं घेतो.

आमचं गाव अचलपूर-अंजनगावच्या पट्ट्यात, संत्र्याचा मुलूख. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं, व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात, तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते, आणि पावसाळा लागला की तीन-चार महिने माश्या मारायच्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण आगगाड्यांचा धंदा आमच्याकडं शिरला तो ह्या रिकाम्या महिन्यांमुळं, नाहीतर गावात बसून कोणाला सुचलं असतं.

बरं गाडीचं वेड मात्र जुनं. आमच्या बाजूनं शकुंतला जायची, मुर्तिजापूर-अचलपूरची छोटी गाडी, तिची दुसरी फांदी यवतमाळला. किलिक-निक्सन कंपनीनं इंग्रजांच्या काळात टाकलेली, इथला कापूस बाहेर न्यायला. रुळातलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी नावाचं वाफेचं इंजिन ह्या लाईनवर थेट १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. वाफेचं इंजिन मी लहानपणी पाहिलंय, म्हणजे पाहिलं त्यापेक्षा ऐकलंच जास्त, शिट्टी वाजली की आजी चुलीवर चहा ठेवायची. आता गाडी बंद आहे, रुळावर गवत.

तर झालं असं की अमरावतीचे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका त्यांच्या शेतातल्या मोटारीसाठी यायचे. एकदा मी टेबलफॅनचा आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, भरत होतो, ते बराच वेळ बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला रुमालात गुंडाळून एक इंजिन घेऊन आले. ट्रायँगचं, इंग्लंडमधलं, डबल ओ साईजचं. पुण्या-मुंबईत दोन जागी दाखवलं म्हणे, दोघांनीही मोटर गेली सांगून हात वर केले. मी उघडलं तर आत तीन पोलची एवढीशी मोटर, जिला त्या लाईनीत एक्स झीरो फोर म्हणतात. वायंडिंग ठणठणीत होतं. मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश दाबून धरायला तिथं एक स्प्रिंग असते, तिच्या एका टोकाला इन्सुलेशनची बारीक नळी चढवलेली असते, ती नळीच कोणीतरी साफसफाई करताना हरवली होती आणि त्यामुळं सरळ शॉर्ट होत होतं. मी स्लीव्हिंगचा तुकडा कापून चढवला. बारा व्होल्ट दिले. पळालं. काकांनी दोनशे रुपये दिले अन् डोळे पुसले, मला तेव्हा कळलंच नाही रडायला काय झालं.

काकांनी चार जणांना सांगितलं, त्या चार जणांनी अजून चार जणांना. नागपूर, पुणे, भोपाळहून डबे यायला लागले. बहुतेक केसमधे रोग एकच, जुनं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. आमच्याकडच्या ४५ डिग्रीत तर ते अजून लवकर वाळतं. काढायचं, धुवायचं, ब्रश बदलायचे, अर्धा थेंब तेल टाकायचं, अर्धाच, कारण जास्त टाकलं तर ते ब्रश जिथं टेकतात त्या कम्युटेटरवर उडतं आणि पुन्हा तेच रडगाणं. बाबा म्हणायचे, "पाच एचपीची मोटार सोडून हे मुंगीचे दात काहून कोरून रायला बे?" पण महिन्याचा हिशोब लावला तेव्हा गप्प झाले.

रिपेरिंगवरून विकण्याकडं वळलो आणि तिथं खरी शाळा सुरू झाली.

ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-सत्त्याऐंशीव्या भागाचं मॉडेल. इंग्लंडवाले त्याच १६.५ मिलीमीटरच्या रुळावर जरा मोठ्या मापाची गाडी पळवतात, तिला डबल ओ म्हणतात. जागा कमी असेल तर एन, त्याचे रूळ ९ मिलीमीटरचे. जर्मनीची मार्क्लिन, १८५९ पासूनची कंपनी, तिची वेगळीच तऱ्हा : रुळाच्या मधोमध बारीक टोकं असतात आणि इंजिनाच्या पोटाखाली लांब पट्टी, त्यातून एसी करंट घेते. हे इंजिन साध्या दोन पट्ट्यांच्या डीसी रुळावर ठेवलं तर चाकातूनच शॉर्ट होतं. घेणाऱ्यानं हे विचारलं नाही तर विकणारा सांगत नाही.

आता भावाचं सांगतो, कारण माझा अर्धा जीव त्यातच जातो. आमच्याकडं संत्र्याची बाग झाडावरच उक्ती विकतात. पारावर बसलं की प्रत्येकाची बाग मागच्या साली आठ लाखाला गेलेली असते. पण व्यापाऱ्यानं आठ लाख मोजताना कोणी पाहिलेलं नसतं, मागितले आठ, सुटली पाचला, त्यातही तोडीच्या वेळी व्यापाऱ्यानं गळ दाखवून पन्नास हजार कापले. पण पारावर आकडा राहतो तो आठचाच. अन् मग बाजूच्या शेतवाला म्हणतो त्याची आठ तर माझी नऊ. जुन्या आगगाड्यांचा भाव हुबेहूब असाच चढतो. कोणीतरी एक इंजिन वीस हजाराला विकायला मांडतो, ते वर्षभर तिथंच पडलेलं असतं, पण दुसरा ते बघतो आणि स्वतःचं बावीसला लावतो, तिसरा पंचवीसला. घेतलं कोणीच नाही आणि भाव मात्र झाला पंचवीस हजार.

वरून तो शब्द, 'दुर्मिळ'. फ्लाइंग स्कॉट्समनचंच घ्या. खरं इंजिन १९२३ चं, डॉनकास्टरला बनलेलं, जगातलं सगळ्यात नावाजलेलं वाफेचं इंजिन, आणि म्हणूनच त्याची मॉडेलं कंपन्यांनी इतक्या वेळा, इतक्या रंगात काढली की मोजता येणार नाही. ते दुर्मिळ म्हणणं म्हणजे आमच्या भागात संत्रा दुर्मिळ म्हणणं. खरंच कमी बनलेली मॉडेलं असतात, नाही असं नाही, पण कमी बनलेलं आणि कोणाला हवं असलेलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आमच्या कपाटात इटालियन गाडीचा एक डबा आहे, मला दुसरा कुठं दिसला नाही आणि सहा वर्षात कोणी हातही लावला नाही.

सगळाच दोष विकणाऱ्याचा नाही म्हणा. मॉडेल ट्रेन कस्टमच्या यादीत खेळण्यांच्याच रकान्यात बसते, आणि खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० च्या बजेटमधे २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मधे ७०. शिवाय त्याच्यावर बाकीचे कर. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला तो वेगळाच. म्हणजे बाहेरून नवीन मागवणं जड झालं आणि देशात आधीच असलेल्या जुन्या मालावर सगळे तुटून पडले. त्यात लॉकडाऊन, लोक घरी बसलेले, हातात वेळ. भाव असे चढले की मलाही वाटलं आपण आत्ताच नाही घेतलं तर कधीच नाही.

आणि मी माती खाल्ली. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून ४१ नगांचा लॉट घेतला, दोन लाख ऐंशी हजाराला, घरच्या पाटल्या गहाण टाकून. फोनवर दोन इंजिनं पळताना दाखवली, मी बाकीची एकोणचाळीस पण पळतील असं धरून चाललो. खोकी आली, उघडली. सात इंजिनं मार्क्लिनच्या एसीची, जी आपल्याकडं घेणारे मोजके. काहींच्या खोक्यावरचं नाव एक आणि आतलं इंजिन भलतंच. आणि सहा नगांची तर चेसीसच, म्हणजे खालचा धातूचा सांगाडाच, फुगून तडकलेली, बोटानं दाबली तर बिस्किटासारखा भुगा. ह्याला जस्ताची कीड म्हणता येईल. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशाचा अंश राहून गेला तर पुढं वर्षानुवर्षं तो धातू आतून कुजत जातो, दमट हवेत अजून लवकर. औषध नाही. वरची बॉडी, रंग, अक्षरं सगळं नव्यासारखं दिसतं, म्हणून फोटोत काहीच कळत नाही. आमची ही पेटीपाशी उभी होती, म्हणाली, "बाग पाहून घेतली का नुसती रस्त्याकडची ओळ पाहून?" मी काय बोलणार.

त्यावर कळस म्हणजे लॉटमधलं सगळ्यात महागाचं जे इंजिन होतं, ज्याच्या भरवशावर मी पाटल्या सोडवणार होतो, त्याचंच नवीन मॉडेल मूळ कंपनीनं नव्या साच्यात काढलं. आवाजाची सोय, चांगली मोटर, बारीक नक्षी. जुन्याचा भाव चार महिन्यात निम्म्याखाली. हे ह्या धंद्यात नेहमी होतं, जुना साचा महाग असतो तो फक्त नवीन येईपर्यंत.

मग पैसा काढायच्या घाईत मी पण तेच केलं ज्याला शिव्या देत होतो. एक साधं फ्लाइंग स्कॉट्समन, 'दुर्मिळ, कलेक्टर पीस' लिहून वाशिमकडच्या एका शिक्षकाला साडेअकरा हजाराला दिलं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "भाऊ, मित्राले हेच साडेचारले भेटलं. दुर्मिळ होतं का खरंच?" मी फोन धरून उभा, समोर एका शेतकऱ्याची मोटार टेस्टवर फिरतेय, तिचाच आवाज. सात हजार परत पाठवले. ते सर आजही आमचं गिऱ्हाईक आहेत, पण दर वेळी किंमत दोनदा विचारतात, आणि दर वेळी मला बरोबर तिथंच लागतं.

त्या आठवड्यात हिनं जुन्या उधारीच्या वहीची उरलेली पानं पुढं केली आणि म्हणाली, इकलेला भाव लिहीत जा, मागितलेला नको. तेव्हापासून वही चालू आहे. आम्ही विकलेलं, आम्ही घेतलेलं, ओळखीच्या लोकांनी प्रत्यक्ष पैसे मोजून घेतलेलं, असं सगळं : मॉडेल, कंपनीचा पुठ्ठ्याचा डबा आहे का नाही, चालू का बंद, किती मागितले, कितीत सुटलं. आजवर साडेसहाशेच्या वर नोंदी झाल्या. मूळ डबा असला तर भाव चांगलाच वाढतो हे वहीतूनच कळलं, आणि हल्ली नकली डबे छापून येतात हे पण, पुठ्ठ्याचा वास घेऊन ओळखावं लागतं, हसू नका. येणाऱ्याला वही उघडून दाखवतो. इंजिन त्याच्यासमोर दहा मिनिटं पळवतो, दोन्ही दिशेनं, हळू स्पीडला पण, कारण वाईट मोटर फुल स्पीडला लपते. धंदा ह्यानं वाढला का? सुरुवातीला कमी झाला. विकायला येणारे नाराज होऊन जातात.

यवतमाळकडून एक भाऊ आले होते, वडील वारल्यानंतर. वडिलांचा तीस वर्षांचा संग्रह, दोन लोखंडी पेट्या, प्रत्येक इंजिनाला वडिलांच्या हातची चिठ्ठी बांधलेली, तेल कधी दिलं त्याची तारीख. मोबाईलवर भाव बघून तिघा भावांनी तीन लाख धरले होते आणि मनातल्या मनात वाटून पण घेतले होते. वहीप्रमाणे हिशोब बसला पंच्याहत्तर हजाराच्या आसपास. ते उठले आणि गेले, चहा तसाच. आठ महिन्यांनी परत आले, तीन लाखाला कोणी घेतलं नव्हतं. मधल्या काळात पेट्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत होत्या, आणि मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. गाडीच्या दहा डब्यांची छपरं पापडासारखी वाकली होती. एकसष्ट हजार दिले. चिठ्ठ्या मी तशाच ठेवल्यात, घेणाऱ्याला इंजिनाबरोबर देतो.

आता सध्या काय चाललंय ते. पाटल्या मागच्या पोळ्याला सुटल्या. दुकानात मी, एक आयटीआय झालेला पोरगा, आणि हिशोबाला ही. रिकाम्या वेळात मी शकुंतलेचं झेडडी बनवतोय, एचओच्या मापात. गंमत अशी की ७६२ ला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलीमीटर येतं, म्हणजे एन साईजचा ९ मिलीमीटरचा रूळ तिला जवळजवळ बरोबर बसतो, त्यामुळं खालचा सांगाडा जपानी एन इंजिनाचा वापरायचा आणि वरची बॉडी पितळेच्या पत्र्यातून कापायची. बाबा रोज संध्याकाळी येऊन बघतात. परवा म्हणाले, "हे एवढं चकचकीत नोतं बे. धूळ लाव, कोयश्याची." दोघा जणांनी अर्धवट असतानाच किंमत विचारली, मी सांगितली नाही, मलाच माहीत नाही.

खालचा सांगाडा जुन्यातूनच घेतला, विकणाऱ्यानं अर्थातच दुर्मिळ लिहिलं होतं. वहीत नोंद आहे : जपानी एन इंजिन, डबा नाही, बंद, ग्रीस वाळलेलं. मागितले ९०००. दिले ३४००.