विहिरींच्या नोंदी मोबाइलवर : आमच्या निसर्ग मंडळाचा अनुभव

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, वडूजला, म्हणजे पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. विहिरीला पाणी किती, हा इथे घरोघरचा विषय. कॉलेजच्या निसर्ग मंडळात पाणीपातळीच्या नोंदी ठेवायचं काम आधीच्या बॅचपासून चालू होतं, पण वह्यांमध्ये. टीवायची मुलं पास होऊन गेली की वहीही त्यांच्याबरोबर जायची आणि पुढच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. मी एसवायला असताना सचिव झाले तेव्हा सरांशी बोलून ठरवलं, यंदा नोंदी मोबाइलवर घ्यायच्या.

त्याहून मोठी अडचण माणसांची होती. मंडळात धडपडणारी सगळी मुलं वडूजमधली किंवा हॉस्टेलवरची. एसटीच्या पासवर येणारी मुलं-मुली कधीच थांबू शकायची नाहीत, कारण बैठक कॉलेज सुटल्यावर आणि गाडी चुकली तर पुढची थेट अंधार पडल्यावर. विहिरी होत्या त्यांच्याच गावात, त्यांच्याच रानात, आणि मंडळात मात्र तीच नव्हती.

नोंदींसाठी आम्ही कोबो टूलबॉक्स हे माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर निवडलं. त्यात प्रश्नावली संगणकावर तयार करायची आणि मुलांनी कोबो कलेक्ट हे अ‍ॅप फोनवर घ्यायचं. रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो, नंतर नेट मिळालं की पाठवायचा. आमच्या रानात रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे हा गुण सगळ्यात मोलाचा. जीपीएसलाही नेट लागत नाही, कारण जागा उपग्रहांवरून कळते. नेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला तेवढा वेळ जातो. उघड्या आभाळाखाली उभं राहायचं, अचूकता पाच मीटरच्या आत आली की मगच नोंद घ्यायची, हे आम्ही सगळ्यांना करून दाखवलं.

फॉर्म एक्सेलमध्ये बांधला. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव, तिसऱ्यात मराठी प्रश्न. पहिला प्रश्न मालकाच्या परवानगीचा. 'नाही' म्हटलं की फॉर्म तिथेच संपतो. मालकाचा फोन नंबर आम्ही मुद्दाम विचारत नाही. विहीर कोरडी असेल तर पाण्याचे प्रश्न आपोआप गळतात. फोटोचा आकार फॉर्ममध्येच १०२४ पिक्सेलपर्यंत मर्यादित केला, नाहीतर पोरांचा दिवसाचा डेटा दोन-चार फोटोंतच संपला असता.

खरी गोम मोजण्यात आहे. वजन बांधलेला टेप कठड्यावरून खाली सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा घ्यायचा. पण आपल्याला हवी असते जमिनीपासूनची खोली, आणि प्रत्येक विहिरीचा कठडा वेगळ्या उंचीचा. म्हणून फॉर्ममध्ये दोन आकडे विचारले, कठड्यापासून पाणी किती आणि कठडा किती उंच. वजाबाकी अ‍ॅप करतं आणि उत्तर तिथल्या तिथे पडद्यावर दाखवतं. आकडा विचित्र वाटला तर टेप लगेच पुन्हा सोडता येतो. मोटर चालू व्हायच्या आत, सकाळीच मोजायचं, हा नियमही फॉर्मच्या वरच लिहिला. शेतकरी खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात, तो आकडा वेगळ्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत ठेवला. तो मीटरमध्ये बदलायच्या भानगडीत पडलो नाही, कारण परस गावागणिक थोडा कमी-जास्त असतो.

पहिल्या चाचणीला एका मळ्यात गेलो तेव्हा आजोबा आधी ओरडलेच, "पोरींनो, कठड्यावर वाकू नका गं, तिथला दगड सुटलाय." मग स्वतः सुरक्षित बाजू दाखवली आणि सांगत बसले, "शेजारी बोअर पडल्यापासनं विहिरीला पाणी टिकंना झालंय." त्या दिवशी फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढले : कठडा धड आहे का, आणि जवळपास बोअर आहे का. आणखी एक नियम झाला, एकट्याने जायचं नाही. एकाने टेप धरायचा, दुसऱ्याने फोन. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता तेही त्यामुळे कामात आले.

मग एसटीच्या मुलांना बोलावलं, मधल्या सुट्टीत. क्यूआर कोड स्कॅन करून अ‍ॅप जोडून दिलं आणि सांगितलं, बैठकीला थांबायची गरज नाही, तुमच्या गावातल्या विहिरी तुमच्या. सकाळची गाडी धरायच्या आधी मोजायचं, वडूजला आलात की पाठवायचं. ऑक्टोबरची फेरी अशी झाली आणि नकाशावर ठिपके पडायला लागले तेव्हा जी मुलं वर्षभर मंडळाच्या फलकासमोरून नुसती जायची, ती आपल्या गावाचा ठिपका शोधायला लायब्ररीतल्या संगणकाभोवती जमली. मला त्या गर्दीचा फार आनंद झाला. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, हॉस्टेल रिकामं. तरीही उन्हाळ्याची फेरी झाली, कारण मोजणारे गावातच होते. पूर्वी मेच्या नोंदी आमच्याकडे जवळजवळ नसायच्याच.

आलेल्या नोंदी तपासायचं काम एफवायच्या दोघींकडे दिलं. कोबोमध्ये प्रत्येक नोंदीला 'मंजूर' किंवा 'थांबवलेली' असा शेरा देता येतो. शंका आली की त्या फोन करून विचारायच्या. माझ्या मते मंडळ पक्कं झालं ते इथे. नवख्या मुलींच्या हातात खरा अधिकार आला आणि सीनियर त्यांना उत्तरं द्यायला लागले.

आपल्या भागात खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, त्यामुळे बांधाला बांध असलेल्या दोन विहिरींची पातळीही जुळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींच्या नोंदी घेते. गावाला स्वतःचा अंदाज बांधायचा तर आणखी विहिरी मोजायला हव्यात. म्हणून ऑक्टोबर आणि मेचे आकडे शेजारी-शेजारी छापून मुलांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपापल्या गावात मांडले. एका गावात उन्हाळ्यात कोणत्या विहिरीवरून टँकरशिवाय भागेल, यावर लोक बराच वेळ बोलत होते. मालकांची नावं आम्ही नकाशावर टाकली नाहीत.

कोबोचं खातं मंडळाच्या ईमेलवर आहे, कोणा विद्यार्थ्याच्या नाही. पासवर्ड सरांकडे आणि चालू सचिवाकडे. नवा सचिव आला की बदलायचा. या जूनमध्ये मी तो ज्या मुलीकडे दिला ती रोज एसटीने येते. तिने आल्या आल्या फॉर्ममध्ये पाझर तलावांचा वेगळा भाग घालायला घेतला आहे आणि बैठकीची वेळ मधल्या सुट्टीत ठेवली आहे.