साडेसात वाजले

मार्चातली दुपार, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायचं काम चाललं होतं. खालून द्राक्षांची हातगाडी गेली. "द्राक्षं नाहीत ताई, साखर आहे साखर!" हातातली कुरडई हातातच राहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अपन्हुती." हे नव्हे, ते आहे, असं म्हणणारा अलंकार. मागोमाग दुसरी गाडी आली. हा गडी जरा जास्त शिकलेला, "साखरेपेक्षा गोड" म्हणत होता. म्हणजे व्यतिरेक, ज्याच्याशी तुलना करायची त्याच्यावरच मात. जिन्यातून नवऱ्याचा आवाज आला, "अलंकार राहू दे, किलोभर द्राक्षं घे."

ही खोड शाळेची. आम्हाला अलंकार शिकवले ते खुणांवरून. सम, समान, सारखा, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. "न हे" ने ओळ सुरू झाली की डोळे मिटून अपन्हुती. मुख आणि चंद्र एकाच ओळीत आले तर पुढचं वाचायची गरजच नाही. आरटीओचा माणूस गाडीकडे न बघता नंबर प्लेट बघतो, तसे आम्ही कवितेकडे बघायचो. मार्क मात्र पैकीच्या पैकी. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यदर्शक शब्द अशी चार खणांची चौकट आखायची आणि सुंदरशा ओळीचे चार तुकडे करून तिच्यात भरायचे. आमच्या बाईंना चौकट पट्टीने आखलेली लागायची. हाताने आखली तर अर्धा मार्क जायचा, ओळ कितीही चांगली असली तरी.

बिचारे भरतमुनी! नाट्यशास्त्रात त्यांनी चारच अलंकार सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तेवढ्यावर भागलं असतं. पण आपल्याकडे कुठली यादी चारावर थांबते? सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत येईतो ती शंभराच्या वर गेली. बोर्डाने त्यातले मोजकेच ठेवले, ही कृपाच.

त्या मोजक्यांत अतिशयोक्ती आली आणि पुस्तकात उदाहरण बघून मी वर्गात जवळजवळ ओरडलेच. दमडीचं तेल! ते तर आमच्या आजीचं होतं.

पंचवटीतल्या वाड्यात रविवारी न्हाण्याआधी आजी तेल लावायला बसवायची. पितळी वाटीत खोबरेल, वाटी चुलीच्या कडेला ठेवून कोमट केलेली. दोन गुडघ्यांत माझं डोकं धरायचं, अंगठा टाळूवर, आणि सुरू. "दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं." एक चापट. "मामंजींची दाढी झाली." दुसरी. "भावोजींची शेंडी झाली." मग उरलेलं तेल झाकून ठेवायचं, त्याला लांडोरीचा पाय लागायचा, वेशीपर्यंत ओघळ जायचा आणि त्यात उंट पोहून जायचा. उंटाशी तिचा हात नेमका कानामागे पोचलेला असे.

"आजी, उंट कुठून आला?"

"पोहायला आला होता. मान खाली."

हे सगळं सांगणारी बाई तेलाच्या बाबतीत इतकी चेंगट, की शेवटी वाटीतून बोट फिरवून निघालेला थेंब स्वतःच्या कोपराला लावायची. पुस्तकात लिहिलं होतं, "एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा फुगवून सांगणे." असेल. पण घरात तेल पुरत असतं तर कुणाला उंट सुचला असता, असं मला वाटतं. दमडी मोजणाऱ्या घरातच असा ओघळ वेशीपर्यंत जातो.

कॉलेजात शब्दशक्ती आल्या. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, तो बसत नसला की जवळचा अर्थ घ्यायचा ती लक्षणा, आणि न बोलता सुचवलेलं ती व्यंजना. लक्षणेचं पिढीजात उदाहरण म्हणजे "गंगायां घोषः", गंगेवर गवळीवाडा. सर समजावत होते की पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून मुख्य अर्थाला बाधा येते, म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ घ्यायचा. वर्गात कुणाच्याही चेहऱ्यावर बाधा दिसेना. दिसणार कशी? नाशिकमध्ये बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. गंगेवर भेळ मिळते. गंगेवर चक्कर मारून येतो म्हणून पोरं निघतात आणि त्यांच्या चपला कोरड्या असतात. त्यातून आमची गंगा मुळात गंगा नाहीच, ती गोदावरी. काशीच्या पंडिताला एक पायरी उतरावी लागते तिथे नाशिककर दोन उतरतो, तेही भाजीची पिशवी हातात घेऊन.

पुराचंही तसंच. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, असं बातम्यांत सांगतात. क्युसेक कुणी पाहिलाय? आम्ही विचारतो, "मारुतीला कुठवर आलंय?" दुतोंड्या मारुती नदीपात्रातच उभा. पाणी गुडघ्याला आलं की लोक बघायला जातात, कमरेला आलं की टपऱ्या हलतात, छातीला आलं की दुकानदार शटर ओढून माल वर चढवायला लागतात. 2019 च्या ऑगस्टात मारुती डोक्यासकट बुडाला, तेव्हा घरोघरी फोनवर एवढंच बोलणं झालं: "मारुती दिसत नाहीये." ह्याची चौकट पट्टीने आखून दाखवा.

व्यंजना शिकायला तर मला कॉलेजची गरज नव्हती. मम्मट ह्या जुन्या काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात "सूर्य अस्ताला गेला" एवढंच वाक्य घेऊन ते ऐकणाऱ्यागणिक कसं बदलतं ते दाखवलंय. कुणाला वाटतं गुरं वळवायची वेळ झाली, कुणाला वाटतं संध्येला बसावं, कुणी प्रियकराला चोरून भेटायला निघालेली अभिसारिका असेल तर तिचं वेगळंच. आमच्या घरी हे काम वडील करायचे. झोपाळ्यावर बसून, कुणाकडेही न बघता म्हणायचे, "साडेसात वाजले." दादा मुकाट्याने कॅरम गुंडाळायचा. आई कुकर चढवायची. मी देवाजवळ दिवा लावायला उठायची. आणि पाच वाजल्यापासून बसलेले शेजारचे काका चपला शोधायला लागायचे. चार माणसं चार दिशांना, आणि वडिलांनी फक्त वेळ सांगितलेली. गंमत म्हणजे भामह ह्या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने मावळता सूर्य, उगवता चंद्र, घरट्याकडे निघालेली पाखरं असल्या ओळीला काव्य मानायलाच नकार दिला होता. ही तर नुसती वार्ता, म्हणाला. भामहाच्या घरी झोपाळा नसावा.

आता वय झालं तरी खोड जात नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर "आपल्यासारखे आपणच" दिसलं की मी रिक्षात अनन्वय म्हणते, ज्याला तुलना फक्त स्वतःचीच. खाली बारक्या अक्षरांत शुभेच्छुकांची जी रांग असते तिला अजून अलंकार सापडलेला नाही. व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा, म्हणावं तर त्यांना स्तुती खरीच वाटत असते.

सगळ्यांत कमी भाव मिळालेला अलंकार म्हणजे स्वभावोक्ती. असेल तसं, हुबेहूब सांगायचं, बस. वर्गात आम्हाला तो फसवा वाटायचा, कारण त्याला खूणच नाही. दंडी ह्या जुन्या काव्यशास्त्रकाराने त्याला पहिला मान दिला होता. पुढे काश्मीरचा काव्यशास्त्रकार कुंतक आला आणि त्याने त्याला पंगतीतूनच उठवलं. म्हणाला, शरीरच जर दागिना ठरलं तर तो घालायचा कुणी? स्वतःच्याच खांद्यावर कुणाला चढून बसता येत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. मला त्यावर आजवर उत्तर सुचलेलं नाही.

आजी गेली तेव्हा दहाव्याला रामकुंडावर दोन भाषणं झाली. वटवृक्ष कोसळला, मायेचा झरा आटला, वाडा पोरका झाला. रूपकं एकाला एक लागून, सगळी बरोबर, एकही चूक काढण्यासारखी नाही. त्याआधी, गेली त्या सकाळी, आईने आत्याला फोन लावला होता. "वन्सं, आई गेल्या. पहाटे उठल्या, दूध तापवलं, साय काढून वेगळी ठेवली आणि म्हणाल्या, जरा पडते." मग तिने मामांना लावला, मग पुण्याला काकांना. प्रत्येकाला हेच, ह्याच क्रमाने, सायीसकट.

कुंतकाचं म्हणणं खरं असेल. पण दहावीच्या पेपरात असलं काही आलं तर स्वभावोक्तीच लिहावं. मार्क त्यालाच आहेत.