आईचं ‘मु.’

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज मागचा भाग पार उसवला. तीन रात्रींचं काम, दहा मिनिटांत परत गुंडा.

भाचीच्या बाळाच्या बारशासाठी आईच्या ट्रंकेतल्या जुन्या इंग्रजी कागदावरून क्रोशाचा ‘मॅटिनी कोट’ करायला घेतलाय. (मॅटिनी म्हटलं की मला दुपारचा सिनेमाच आठवतो. हे आपलं पुढून उघडणारं लोकरीचं झबलं.) कागद विलायती, घड्यांवर फाटलेला, लोकर औंसात सांगणारा. घेर ‘६ इंच होईपर्यंत विणा’ असा होता, तो टेप लावून नीट झाला. मग काखेच्या वर ‘८ ओळी’. झाल्या, आणि बघते तर काखेपासून खांदा साडेचार इंच! त्या बाहीतून माझासुद्धा हात गेला असता.

ओळी पुन्हा मोजल्या. आठच. मग सुईवर संशय घेतला, कारण जुन्या विलायती सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. पण आडवे टाके इंचाला बरोबर ५ बसत होते.

अडकलेली गाठ एका साध्या सूचनेने सुटली: ‘३ साखळ्या, हा पहिला ट्रेबल धरावा.’ मी ट्रेबल म्हणजे सुईवर दोन वेढे घेऊन केलेला उंच खांबाचा टाका धरून चालले होते, हल्लीच्या अमेरिकन व्हिडिओंत तसंच शिकवतात. पण त्या उंचीला ३ साखळ्या पुरत नाहीत, ४ लागतात. ३ साखळ्यांच्या उंचीचा असतो तो आपला साधा खांब. म्हणजे ब्रिटिश ट्रेबल तोच अमेरिकन डबल क्रोशे, आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल, आपला मुका खांब. अख्ख्या कागदावर ‘सिंगल’ हा शब्द एकदाही नाही, हे खरं तर पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. घेर इंचांत मोजला म्हणून तिथे चूक लपून गेली. जरा विरळ दिसत होता, ती मला नक्षी वाटली!

मग समासातल्या पेन्सिलीकडे लक्ष गेलं. डी.सी.च्या (डबल क्रोशेच्या) ओळींपुढे बारीक अक्षरात ‘मु.’, टी.आर.च्या (ट्रेबलच्या) ओळींपुढे ‘खां.’. इतके दिवस ते ‘मु.’ मला मुक्काम पोस्टातलं वाटत होतं, कुणाचा तरी अर्धवट टिपलेला पत्ता. मुका खांब! आईने केव्हाच सोडवून ठेवलं होतं आणि मी मोबाइल घेऊन बसले होते.

उसवलेली लोकर नागमोडी झाली होती, वाफेवर धरून सरळ केली. उद्या पुन्हा साखळीपासून.

डाव्या पुढ्यासाठी कागदात एकच वाक्य आहे: ‘उजव्यासारखाच, घडण उलट करून.’ तिथे आईचंही नुसतं प्रश्नचिन्ह. एका पुढ्यात काख ओळीच्या सुरुवातीला कमी केली, तर दुसऱ्यात शेवटी करायची, एवढं कळतंय. दोन्ही पुढे उजवेच झाले नाहीत म्हणजे मिळवली.