तासाभरात होणारे चवळीचे दाट सूप

आमच्या जळगावकडे कडधान्य म्हटले की काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्साच डोळ्यांपुढे येतो, आणि सूप म्हटले की हॉटेलातले, कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले, चार चमच्यांत संपणारे. या दोहोंच्या मधले काहीतरी करण्याची गरज आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात निर्माण झाली. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, नवी कवळी बसवली होती आणि तिची सवय होईपर्यंत त्यांना भाकरी चावणे जमत नव्हते. मुगाचे वरण आणि मऊ भात यांना ते लवकरच कंटाळले. मला कामावरून घरी यायला संध्याकाळचे सात वाजतात, त्यामुळे पोटभरीचे, चावायला न लागणारे आणि तासाभरात होणारे असे काहीतरी हवे होते.

पहिला विचार राजम्याचा आला आणि तो लगेच सोडला. राजमा किमान पाच तास भिजवावा लागतो, ते पाणी फेकून द्यावे लागते आणि नंतर तो ताज्या पाण्यात खळखळून शिजवावा लागतो. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते, ते पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. अर्धवट, मंद आचेवर शिजलेल्या दाण्यात ते नष्ट होत नाही. कुकरमध्ये नीट शिजवलेला राजमा निर्धोक असतो, पण सकाळी भिजवायचे विसरले की संध्याकाळचा बेत बारगळतो. चवळीचे तसे नाही. तिची साल पातळ, दाणा लहान, आणि न भिजवताही ती कुकरमध्ये शिजते. शिवाय 100 ग्रॅम सुक्या चवळीत साधारण 23 ते 24 ग्रॅम प्रथिने असल्यामुळे पातळ खाऊनही पोट रिकामे राहत नाही.

मात्र झटपट होणे हे आचेपेक्षा दाण्यावर जास्त अवलंबून असते, हे मला या निमित्ताने कळले. एका दुकानातून आणलेली चवळी कितीही शिट्ट्या दिल्या तरी मधोमध खडीसारखी राहिली. दाणे पिवळसर पडलेले होते, म्हणजे माल जुना होता. उष्ण आणि दमट हवेत कडधान्य फार काळ साठवले की त्याच्या आत असे बदल होतात की ते नंतर मऊ शिजतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा एक उन्हाळा आणि एक पावसाळा पत्र्याच्या गोदामात काढलेल्या दाण्याकडून वेगळी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. चवळी खरिपाची असल्याने नवा माल साधारण दिवाळीच्या सुमारास येतो. मी तेव्हाच दोन-तीन किलो घेऊन ठेवते आणि घेताना दाणा पांढराशुभ्र, डोळा काळाभोर आहे ना, ते पाहते.

आता कृती. चौघांसाठी एक वाटी, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम चवळी घ्यावी. घरी आल्याबरोबर ती धुऊन, तिच्यावर उकळते पाणी ओतून, चिमूटभर मीठ घालून झाकून ठेवावी. मिठाने कडधान्य कडक होते असे आमच्याकडे सगळ्या बायका सांगतात, पण भिजवण्याच्या पाण्यातले मीठ उलट सालीतला कॅल्शियम कमी करून ती मऊ करते. अर्ध्या तासात साल आधी सुरकुतते, मग दाणा फुगून पुन्हा गुळगुळीत होऊ लागतो. सगळ्या सुरकुत्या जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हे पाणी मी ओतून देते, कारण पोटात गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याबरोबर निघून जातो.

दरम्यान एक कांदा, एक गाजर आणि सात-आठ लसणाच्या पाकळ्या चिरून घ्याव्यात. कुकरमध्येच दोन चमचे शेंगदाणा तेल तापवून जिरे, लसूण आणि एक हिरवी मिरची घालावी, कांदा कडेने तांबूस होऊ द्यावा, मग गाजर, चवळी आणि पाच वाट्या गरम पाणी घालावे. कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, कारण कडधान्याचा फेस वर येऊन शिट्टीत अडकतो. फोडणीतल्या तेलाने हा फेस थोडा आवरतो. चार शिट्ट्या झाल्यावर आच मंद करून पाच मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. बोअरच्या जड पाण्यापेक्षा पिण्याचे गाळलेले पाणी वापरलेले बरे, जड पाण्यात दाणा उशिरा शिजतो.

टोमॅटो यात मुद्दामच घातलेला नाही. आंबट पदार्थामुळे दाणा मऊ होण्यास वेळ लागतो, म्हणून टोमॅटो, चिंच, लिंबू काहीही असो, ते चवळी शिजल्यावरच. सोड्याने दाणा लवकर शिजतो हे खरे, पण त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते आणि सुपाला साबणासारखी चव येते, त्यामुळे तो मी वापरत नाही. झाकण उघडल्यावर एक दाणा जिभेने टाळूवर दाबून पाहावा. तो दातांशिवाय फुटला तरच शिजला असे समजावे. आमच्या घरी ही परीक्षा अर्थातच आप्पांकडे सोपवलेली होती.

दाटपणासाठी बाहेरचे काहीच लागत नाही. लग्नकार्यात आमच्याकडे वांग्याची भाजी घोटतात, तसेच इथे करायचे. तीन पळ्या दाणे कुकरच्या कडेला घेऊन रवीने घोटावेत आणि बाकीचे अख्खे राहू द्यावेत. मिक्सरमध्ये सगळेच फिरवले तर ते सूप न राहता लापशी होते आणि खाणाऱ्याला आपण काय खातो आहोत हे कळत नाही. नंतर बारीक चिरलेला एक टोमॅटो, मूठभर पालक आणि मीठ घालून दहा मिनिटे उकळावे. पाव चमचा काळा मसाला थोड्या गरम पाण्यात कालवून शेवटच्या दोन मिनिटांत घालावा. याहून जास्त घातला तर पुन्हा रस्साच होतो. वाढताना लिंबू पिळावे. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते, आणि त्याच कारणासाठी जेवणानंतर लगेच चहा घेणे आम्ही आता टाळतो.

आप्पांनी पहिल्याच दिवशी दुसरी वाटी मागितली आणि "पुढच्या वेळी जरा जाड ठेव" असेही सांगितले. आम्ही इतर जण याबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी खातो. आप्पा भाकरीचा पापुद्रा काढून सुपात कुस्करतात. उरलेले सूप रात्री फ्रीजमध्येच ठेवावे, उन्हाळ्यात ते ओट्यावर राहिले तर सकाळपर्यंत आंबते. दुसऱ्या दिवशी ते इतके घट्ट होते की गरम पाणी घातल्याशिवाय पळीतून सुटत नाही, आणि मी तर पाणी न घालता, वरून लसणाची फोडणी देऊन तेच डब्यात भाकरीबरोबर नेते.