गोदी ते घर : आमची वाटचाल

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदराच्या पूर्वेकडील गोदीचे चार नंबरचे फाटक गेल्या वीस वर्षांत आम्ही इतक्या वेळा ओलांडले आहे, की पिवळे जाकीट, ओळखपत्र आणि गाडी सोडल्याचा क्रमांक हातात असला म्हणजे पुढचे पाय आपोआप चालू लागतात. अमेरिकेतून जहाजाने आलेली जुनी गाडी ताब्यात घ्यायची, तिथेच तपासायची आणि स्वतः चालवत रेडिंगला आणायची, एवढाच आमचा व्यवसाय आहे. तो दिसायला जितका सोपा आहे तितका असता, तर २००८ साली आम्ही बुडण्याच्या काठावर गेलो नसतो आणि आमचे पूर्वीचे भागीदार आज आमच्याच गाडीचे छायाचित्र स्वतःच्या जाहिरातीत छापत नसते. त्याविषयी पुढे लिहितोच.

मूळ आमचे कोल्हापूरचे. वडिलांचे शिवाजी उद्यमनगरात लहानसे गॅरेज होते आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या गाड्यांत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या डॉज, प्लायमथ आणि डिसोटो बऱ्याच असत. साखर कारखान्यांशी संबंधित मंडळी आणि एक-दोन स्टुडिओवाले या गाड्या हौसेने बाळगून होते. क्रायस्लर घराण्याच्या या गाड्यांचे दोन स्वभाव वडिलांनी आम्हाला लहानपणीच शिकवले. पहिला असा, की डाव्या बाजूच्या चाकांच्या आट्या उलट्या असतात. ज्याला हे ठाऊक नसते तो पान्याला पाइप लावून जोर करतो आणि आपण सैल करतो आहोत या समजुतीत आट्या पिळून मोडतो. दुसरा असा, की मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या ॲक्सलवर घट्ट बसलेला असतो आणि तो हातोडीने निघत नाही. त्याला ओढून काढणारा पुलरच लागतो, तोही भक्कम.

असा एक पुलर वडिलांनी उद्यमनगरातल्याच लोहाराकडून घडवून घेतला होता. तीन पाय, मधोमध जाड आट्यांचा दंड, त्याच्या टोकाला घणाचे घाव सोसायला दिलेला आडवा दांडा, आणि वजन जवळजवळ आठ किलो. १९९६ साली आम्ही इंग्लंडला नोकरीसाठी निघालो तेव्हा आईने दिलेले मेतकूट व लोणचे कमी करून तो बॅगेत घातला. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावणाऱ्या अधिकाऱ्याने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि हे काय शस्त्र आहे, असे विचारले. सोबत इंची पान्यांचा संचही होता. इथल्या जुन्या इंग्रजी गाड्यांना व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे पाने लागतात आणि नव्यांना मिलिमीटरचे; अमेरिकन गाड्यांना मात्र आमच्या वडिलांचेच अर्धा इंच, नऊ-सोळांश, पाच-अष्टमांश हे पाने बसतात. कोल्हापूरच्या पेटीवर रेडिंगमध्ये व्यवसाय उभा राहिला असे आम्ही म्हणतो, तेव्हा ती अतिशयोक्ती नसते.

२००४ साली एका वर्कशॉपमध्ये सोबत काम केलेल्या स्थानिक गृहस्थांच्या भागीदारीत आम्ही ही फर्म सुरू केली. बोलण्याची बाजू त्यांची आणि हाताची बाजू आमची, असे ठरले होते. सुरुवातीची दिवाळी खरोखर दिवाळीसारखी होती. पौंड तेव्हा जोरात होता. २००७ च्या अखेरीस एका पौंडाला दोन डॉलरहून अधिक मिळत, त्यामुळे इथल्या हौशी माणसाला अमेरिकेतली गाडी जवळजवळ अर्ध्या आकड्यात दिसे. शिवाय तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली आणि ऐतिहासिक मानली जाणारी गाडी आणली तर सीमाशुल्क नाही आणि व्हॅट फक्त ५ टक्के. तीच गाडी त्या वर्गात बसली नाही, तर १० टक्के शुल्क आणि वर २० टक्के व्हॅट, हा आजचा हिशेब आहे. म्हणूनच आमचे पहिले सांगणे असे, की इंजिन बदललेली, बॉडी कापलेली गाडी कितीही देखणी असली तरी आणण्याआधी कागदावर तिचा वर्ग कोणता ठरेल ते पाहावे. कोणी विचारले नसले तरी हे सांगणे आम्हाला भाग आहे, कारण न पाहणारे नंतर आमच्याकडेच येऊन बसतात.

२००८ च्या जुलैपर्यंत पौंड दोन डॉलरच्या आसपास होता. आम्ही तीन ग्राहकांकडून आगाऊ रक्कम घेऊन, पौंडांत पक्का भाव ठरवून तीन गाड्या घेण्याचा करार केला होता आणि अमेरिकेतल्या विक्रेत्यांना उरलेले पैसे डॉलरमध्ये द्यायचे होते. पुढे बँका कोसळल्या, पौंड घसरू लागला, आणि पुढच्या जानेवारीत तो १.४० डॉलरच्याही खाली गेला. तीस हजार डॉलरची जी गाडी पंधरा हजार पौंडांत पडणार होती, तिला एकवीस हजारांहून अधिक लागू लागले, आणि अशा तीन गाड्या बाल्टिमोरच्या बंदरात उभ्या राहून रोजचे भाडे खात होत्या. पौंडांत भाव बांधण्याचा आग्रह भागीदारांचा होता, हे इथे नोंदवणे आवश्यक वाटते. डॉलरचा भाव आधीच बांधून घेता येतो ही साधी गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नाही, हेही तितकेच खरे आहे. सौभाग्यवती रात्री जेवणाच्या टेबलावर हिशेबाची वही उघडून बसत आणि तीच बेरीज पुन्हा करत. प्रत्येक वेळी उत्तर तेच येई.

नोव्हेंबरच्या एका सोमवारी सकाळी भागीदार आलेच नाहीत. दुपारी त्यांचे पत्र आले आणि संध्याकाळी कपाटात पाहिले तर ग्राहकांची नोंदवही नव्हती. चार वर्षांत जोडलेली सव्वादोनशे माणसे, कोणाला कोणत्या सालची कोणती गाडी हवी आहे याच्या टिपणांसह, त्या वहीत होती आणि बहुतेक टिपणे आमच्या अक्षरातली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बारा मैलांवर स्वतःचा धंदा मांडला. ते गाडी चालवत आणत नाहीत. ट्रेलरवर चढवतात आणि ग्राहकाच्या दारात उतरवतात. त्यांच्या जाहिरातीत लिहिलेले असते, की जुनी गाडी रस्त्यावर आणण्याची जोखीम कशाला घ्यायची. त्याखाली छापलेली निळी शेव्हरोले आम्ही २००६ साली स्वतः चालवत आणलेली आहे आणि छायाचित्रात तिच्या काचेत आमच्या मुलाचे प्रतिबिंब दिसते.

ट्रेलरला आमचा तात्त्विक विरोध नाही. बंद पडलेल्या गाडीला तोच मार्ग आहे. परंतु ट्रेलरवरून आलेल्या गाडीने ग्राहकाला काहीच सांगितलेले नसते. तिचा पहिला प्रवास ग्राहक स्वतः, बायकोमुलांना बसवून, रविवारी करतो आणि गाडीचा खरा दोष त्याला पहिल्या उतारावर कळतो. १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना ब्रेकचे एकच सर्किट असते; मागच्या चाकात ब्रेक दाबणारा एक व्हील सिलिंडर गळून तेल संपले, तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. गळणारा सिलिंडर ड्रम उघडल्याशिवाय दिसत नाही आणि क्रायस्लरच्या गाडीचा ड्रम पुलरशिवाय उघडत नाही. आमच्या या शेजारी व्यावसायिकांकडे पुलर नाही. त्यांनी दिलेल्या तीन डॉज आतापर्यंत आमच्या दारात आल्या. तिन्हींचे मागचे ड्रम कित्येक वर्षांत उघडलेले नव्हते आणि एकीच्या डाव्या चाकाच्या आट्या सुलट्या दिशेने जोर करून मोडलेल्या होत्या.

२००८ च्या त्या हिवाळ्यात आम्ही तरलो ते एका माणसामुळे. त्या तीन ग्राहकांपैकी एक डॉक्टर होते. मूळचे गिरगावचे आणि चाळीस वर्षे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत काढलेले. त्यांची गाडी १९५७ ची शेव्हरोले बेल एअर होती. भाव बांधलेला असल्याने फरकाचा एक पेनीही त्यांच्याकडे मागण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, म्हणून आम्ही त्यांना फक्त उशीर होईल एवढेच कळवले. रविवारी ते घरी आले, सौभाग्यवतींनी केलेले पोहे खाल्ले, वही मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून दोन पाने वाचली आणि म्हणाले, “अहो, तुम्ही बुडालात तर माझी गाडी आणणार कोण?” त्यांनी फरकाची पूर्ण रक्कम आणि वर पुढच्या गाडीची आगाऊ रक्कम त्याच दिवशी दिली. दुसऱ्या ग्राहकाने निम्मा फरक सोसला. तिसऱ्याने करार दाखवला, ते त्याच्या हक्काचेच होते. त्याची गाडी आम्ही आमच्या घरावर कर्ज काढून आणली आणि ठरल्या भावात, धुऊन-पुसून दिली. २०१० ते २०१९ ही वर्षे चांगली गेली. कर्ज फिटले.

डॉक्टरांची पाचवी गाडी आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये आणली, १९५८ ची प्लायमथ सॅव्हॉय. गिरगावात त्यांच्या चाळीसमोर एका पेढीवाल्याची तशीच गाडी उभी असे आणि शाळेतून येताना तिच्या पंखांवरून हात फिरवला म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. गाडी कोरड्या हवेतल्या राज्यातली असल्याने पत्रा शाबूत होता, परंतु कोरड्या हवेत रबर टिकत नाही, हे दूरच्या छायाचित्रांवर खूश होणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गोदीत ती एका उतारावर उभी होती आणि चाकाखाली अडसर म्हणून लावायची उटी नव्हती. या गाडीत गिअरचा दांडा नसतो. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला बटणे असतात आणि त्यांत पार्क नावाचे बटणच नाही. गाडी धरून ठेवतो तो गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला हँडब्रेक, आणि तो सहासष्ट वर्षांचा. जहाजावरून गाडी उतरवणाऱ्या तरुणाला हे माहीत असण्याचे कारण नाही. आम्ही आधी खिशातल्या दोन लाकडी उट्या मागच्या चाकांना लावल्या आणि मगच बॉनेट उघडले. बॅटरी सोबत नेलीच होती. ठिणगीच्या पॉइंटची फट फीलर गेजने पाहिली, ती सतरा थाउच्या, म्हणजे इंचाच्या सतरा हजारांशांच्या जवळ होती. होसेस बदलले, कारण इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात लवकर खराब होते. टाकीत घालायला महागडे, ५ टक्क्यांचे पेट्रोल डब्यात घेतले होते. कार्ब्युरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला. ड्रम गोदीत उघडू देत नाहीत, म्हणून फाटकाबाहेरच्या एका ओळखीच्या यार्डात गाडी पायी चालण्याच्या वेगाने नेली.

तिथे पुलर निघाला. ॲक्सलचा नट पूर्ण काढायचा नसतो. दोन-तीन आट्या तशाच ठेवायच्या, नाहीतर सुटलेला ड्रम छातीवर येतो. दंड पिळून घट्ट करायचा, आडव्या दांड्यावर घण मारायचा, पुन्हा पिळायचा. उजवा ड्रम तिसऱ्या घावाला सुटला. डावा अकरा घाव बधला नाही. बाराव्याला बंदुकीसारखा आवाज झाला आणि यार्डातली कबुतरे उडाली. आत ब्रेक लायनिंग तेलाने चिंब होते. हा सिलिंडर घेऊन कोणी त्या गाडीला पहिल्या उतारावर सोडले असते, तर काय झाले असते ते लिहीत नाही. नवे सिलिंडर आणि लायनिंग आम्ही आधीच मागवून ठेवले होते, कारण हे गळणारच असे आम्ही गृहीत धरतो.

नोंदणी होण्यापूर्वी गाडी रस्त्यावर आणण्याची मुभा आधी वेळ ठरवलेल्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या चाचणीला जाण्यापुरतीच असते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला ती चाचणी सक्तीची नाही, तरी आम्ही आमच्या वर्कशॉपशेजारच्या केंद्रात नेहमी वेळ घेतो, चासी क्रमांकावर विमा काढतो आणि गाडी देशात आल्याची, कस्टम्सला चौदा दिवसांत द्यायची सूचना आधीच देऊन ठेवतो. ज्यांना घाई असते त्यांनी या तीन कागदांपैकी एकही मागे ठेवू नये.

दुपारी दोनला निघालो. डॉक्टर उजवीकडे बसले होते. डाव्या हाताच्या स्टिअरिंगमुळे इथे प्रवासीच रस्त्याच्या मधल्या बाजूला येतो आणि पुढचे वाहन ओलांडता येईल की नाही, हे त्यालाच सांगावे लागते. मोटरवे होईल तितका टाळून ए-३३ ने, पंचेचाळीस मैलांच्या पुढे काटा न नेता, सुमारे पन्नास मैल. विंचेस्टर सोडल्यावर चढावर गाडी गचके देऊ लागली. फिल्टर चहासारखा तपकिरी झाला होता. पहिला बदलला, बेसिंगस्टोकच्या अलीकडे दुसरा, आणि तिसरा जेमतेम रेडिंगपर्यंत पुरला. टाकीत कित्येक वर्षांचा गाळ होता आणि तो असणार म्हणून फिल्टर सहा घेतले होते.

चाचणी केंद्रात हेडलाइटवर गाडी अडली, कारण अमेरिकन दिव्यांचा झोत उजवीकडे उतरतो आणि इथे तो डावीकडे लागतो. मागचे इंडिकेटर लाल होते, पण १ सप्टेंबर १९६५ च्या आधीच्या गाडीला ते चालतात. ब्रेक रोलरवर दोन्ही मागची चाके सारखी लागली. दिवे दुसऱ्या दिवशी बदलून दिले.

डॉक्टर तोपर्यंत डावे मागचे चाक पाहत ओणवे झाले होते. नटावरचे ‘एल’ हे अक्षर त्यांनी बोटाने पुसून वाचले आणि हे कशाचे, असे विचारले. आम्ही त्यांच्या हातात पाना दिला आणि सैल करून दाखवा म्हणालो. त्यांनी सवयीने नेहमीच्याच दिशेला जोर लावला.

“उलटं, डॉक्टर,” आम्ही म्हणालो.